वनस्पती तेलावरचं डिझेल इंजिन: टाकी तापतेय फार, पंपाला तेल मिळतंय गार

फिरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जुन्या प्री-चेंबरच्या (इंधन आधी छोट्या कप्प्यात पेटतं अशा) डिझेल गाडीत दोन टाक्यांची व्यवस्था करून आठ महिने झाले. इंजिन मर्सिडीजचं ओएम ६१७, पाच सिलिंडर, इंधन फवारणारा इनलाइन पंप. डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की गाळलेल्या वनस्पती तेलावर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल ओढून पाइप धुऊन घ्यायचे. इथवर सगळं नीट चाललंय. अडलंय ते कूलंटपाशी (इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्यापाशी).

केबिन हीटरकडे जाणाऱ्या होजला टी (तीन तोंडांचा जोड) मारून गरम कूलंट मागच्या ५० लिटरच्या तेलाच्या टाकीत नेलंय. टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं आहे. तिथून परत येताना कूलंट प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (थोडक्यात प्लेट; इथे त्याची उष्णता पंपाकडे जाणाऱ्या तेलाला मिळते) जातं आणि मग इंजिनात. मध्ये व्हॉल्व्ह कुठेच नाही. म्हणजे इंजिन चालू आहे तोवर टाकी तापतच राहते.

गेल्या आठवड्यात तीन ठिकाणी सेन्सर लावून नोंदी घेतल्या. बाहेर १४ अंश असताना गाडी काढली. २० मिनिटांनी कूलंट ७०, टाकीतलं तेल ३१, पंपाच्या तोंडाशी तेल ४८. तासाभराने कूलंट ८०, टाकी ५८, पंप ६६. तीन तासांनी, ऊन चढल्यावर, कूलंट ८६, टाकी ७७, पंप ७९.

म्हणजे सुरुवातीला जेव्हा उष्णता हवी असते तेव्हा ती मिळत नाही, आणि नको असते तेव्हा टाकी उकळत ठेवल्यासारखी होते. काल झाकण उघडून वेटोळ्यावरून बोट फिरवलं तर मधासारखा तपकिरी चिकटा हाताला आला. नखाने खरवडल्यावर त्याची पापडी सुटली. फिल्टरवरही तोच चिकटा आहे.

विचार असा आहे की कूलंटच्या मार्गात १२ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणारा) व्हॉल्व्ह बसवावा आणि तापमान ७० ला राखावं. सेन्सर कुठे लावू? आणि कुठल्या प्रकारचा व्हॉल्व्ह घेऊ?

---

धूमकेतू

टाकी ७७ ला असेल तर चांगलंच की. तेल जितकं पातळ तितकं पंपाला बरं. मी तर म्हणेन ८० लाच ठेवा.

---

जुना_फिटर

व्हॉल्व्ह घेण्याची घाई करू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

कूलंट आधी टाकीत आणि मग प्लेटमध्ये, हे नक्की ना? पंपाची रिटर्न लाइन (उरलेलं तेल परत नेणारी नळी) कुठे सोडली आहे? आणि उतारावर किंवा रिकाम्या रस्त्यावर संथ जाताना इंजिनाच्या तापमानाचा काटा खाली येतो का?

---

फिरस्ता

काका, हो, आधी टाकी मग प्लेट. जोडायला तसं सोयीचं पडलं.
रिटर्न तेलाच्या टाकीत परत जाते.
काटा उतारावर ६५ पर्यंत येतो. मला वाटलं, एवढं कूलंट मागे फिरतंय म्हणून येत असेल.

---

जुना_फिटर

मग सोलेनॉइड बाजूला ठेवा. इंजिनाचा थर्मोस्टॅट काढून बघा आधी. तो पूर्ण बंद होत असेल तर चालत्या गाडीत काटा ६५ वर यायचं कारण नाही. मागच्या टाकीने कितीही उष्णता ओढली तरी थर्मोस्टॅट रेडिएटरचा रस्ता बंद करून भरपाई करतो. तो फटीएवढा जरी उघडा राहिला तरी तुमची अर्धी उष्णता रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते, आणि मग तेल गरम होत नाही म्हणून तुम्ही मागे वेटोळी वाढवत बसता.

पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीने टांगा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा, पाणी तापवा आणि तो किती अंशांना उघडतो ते बघा. गार असताना उजेडासमोर धरून फट दिसते का तेही बघा.

---

उष्मांक

धूमकेतू, टाकी ८० ला ठेवण्याबद्दल माझं मत अगदी उलट आहे. कारण सांगतो.

४० अंशांना साध्या डिझेलची किनेमॅटिक श्यानता, म्हणजे द्रवाची जाडी, २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. त्याच तापमानाला बहुतेक वनस्पती तेलं ३० ते ४० च्या घरात असतात. इंधन म्हणून वापरायच्या रेपसीड तेलासाठी जर्मनीत डीआयएन ५१६०५ हे मानक आहे, त्यातली मर्यादाही ४० अंशांना ३६ च आहे. तेल ७० ते ८० अंशांवर नेलं की हा आकडा १० ते १५ च्या आसपास येतो. डिझेलइतकं पातळ ते तरीही होत नाही, पण प्री-चेंबरच्या इंजिनात नोजलला फवारा धरता येतो. तेव्हा ७० च्या वर तेल हवं हे खरंच. पण ते पंपाच्या तोंडाशी हवं. टाकीत नको.

टाकीतलं तेल तासन्‌तास गरम राहिलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन ते जाड होऊ लागतं. ढोबळमानाने दर १० अंशांना हा वेग दुप्पट होतो. त्यात तांबं असेल तर ते उत्प्रेरकाचं काम करतं. फिरस्ता यांच्या हाताला लागलेला चिकटा म्हणजे तेलाचं पॉलिमर आहे. तळणीच्या कढईच्या कडेला जो न निघणारा पिवळा थर बसतो, तोच हा. तांब्याचं वेटोळं आणि ७७ अंश, हे दोन्ही एकत्र असेल तर चिकटा होणारच.

---

धूमकेतू

पण १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवलं होतं. तेव्हा कुठे प्लेट आणि वेटोळी होती?

---

उष्मांक

चालवलं होतं हे खरं. ऑटो कंपनीने ते मांडलं होतं आणि रुडॉल्फ डिझेलने स्वतः नंतर त्याबद्दल सांगितलं. पण त्या काळची इंजिनं दाबाच्या हवेने इंधन आत फुंकत. हवेच्या झोताने जाड तेलाचेही बारीक थेंब होत. शिवाय फेरे कमी, म्हणजे जळायला वेळही भरपूर. आपल्या इंजिनात नुसत्या द्रवाच्या दाबावर, नोजलच्या बारीक वाटेतून फवारा मारायचा असतो. इथे जाडी अडते. फवारा नीट झाला नाही की थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, रिंगा चिकटतात, आणि उरलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरून तेही जाड करतं.

---

धूमकेतू

समजलं. हवेचा मुद्दा माहीत नव्हता. धन्यवाद.

---

उष्मांक

आता थोडं गणित मांडतो, कारण व्हॉल्व्ह कुठे बसवायचा याचं उत्तर त्यातच आहे.

वनस्पती तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जेमतेम निम्मी, किलोला अंशामागे सुमारे २ किलोजूल. ५० लिटर तेल म्हणजे ४६ किलो. ते १५ वरून ७५ ला न्यायचं तर सुमारे ५५०० किलोजूल लागतात, म्हणजे दीड किलोवॅट-तास. २० मिनिटांत हे करायचं म्हटलं तर साडेचार किलोवॅट लागतील. केबिनचा हीटर जोरात चालवल्यासारखं झालं हे, तेही इंजिन अजून स्वतःच तापत असताना.

आता दुसरी बाजू. इंजिन तासाला ८ लिटर तेल जाळतं असं धरा. फक्त तेवढंच तेल ६० अंशांनी तापवायला पाव किलोवॅट पुरतो! हे काम हाताच्या पंजाएवढी प्लेट सहज करते.

म्हणून पहिलं काम: क्रम उलटा करा. इंजिनातून निघालेलं सगळ्यात गरम कूलंट आधी प्लेटला, मग उरेल ते टाकीला. आत्ता तुमची टाकी आधी उष्णता पिते आणि प्लेटला उष्टं कूलंट मिळतं.

---

नळजोडी

उष्मांक यांच्याशी सहमत. त्यात एक भर. टी कुठे मारला आहे तेही तपासा. केबिन हीटरच्या कॉकच्या पुढे मारला असेल तर उन्हाळ्यात हीटर बंद केला की तेलाचं कूलंटही बंद. कॉकच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला हवा.

प्लेटमध्ये तेल आणि कूलंट समोरासमोरून वाहू द्या, एकाच दिशेने नको. जोडताना दोन होजांची अदलाबदल एवढंच काम आहे, पण बाहेर पडणारं तेल कूलंटच्या तापमानाच्या अगदी जवळ पोचतं.

आणि सोलेनॉइडबद्दल. पाण्याच्या कामासाठी मिळणारे बहुतेक सोलेनॉइड पायलट प्रकारचे असतात. त्यांचा पडदा उघडायला दोन्ही बाजूंच्या दाबात साधारण ०.३ ते ०.५ बारचा फरक लागतो. हीटरच्या वाटेवर, तेही इंजिन आयडलला असताना, तेवढा फरक मिळत नाही. व्हॉल्व्ह टक असा वाजतो, दिवा लागतो, पण आत कूलंट हलत नाही. मी स्वतः यात दोन रविवार घालवले. वायरिंग तपासत राहिलो आणि होज मात्र गारच. गाड्यांच्या हीटरसाठी बनवलेला व्हॉल्व्ह घ्या, केबलचा, व्हॅक्यूमचा किंवा मोटरचा. त्याची वाट पूर्ण मोकळी असते.

---

फिरस्ता

सगळ्यांचे आभार. दोन रविवारचं काम झालं, सविस्तर लिहितो.

थर्मोस्टॅट काढला. छापलेला आकडा ८०. सीटवर खपलीचा तुकडा अडकून गार असतानाही फट होती, उजेड आरपार दिसत होता. नवा बसवला. उतारावर काटा आता ७८ च्या खाली जात नाही.

प्लेट पुढे, इंजिनाजवळ आणली. कूलंट आधी तिथे, मग टाकीला. तांब्याचं वेटोळं काढून स्टेनलेसचं बसवलं. टाकीच्या वाटेवर सध्या हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह लावलाय.

जोडल्यावर पहिल्याच फेरीत प्लेटच्या अलीकडचा होज हाताला चटका देत होता आणि टाकीकडून परत येणारा बर्फासारखा गार. व्हॉल्व्ह तर पूर्ण उघडा. हवा अडकली होती. इंजिन पूर्ण गार झाल्यावर गाडीचं नाक चढावर लावलं, एक्स्पान्शन टाकीचं झाकण काढून हीटर पूर्ण गरमवर ठेवला, आणि परतीचा होज दाबत सोडत राहिलो. गुडगुड आवाज आला आणि जवळजवळ दीड लिटर कूलंट आत गेलं.

नोंदी: २० मिनिटांनी कूलंट ८२, पंपाच्या तोंडाशी ६८. २४ व्या मिनिटाला ७१. आधी तासाभराने ६६ मिळत होते!

पण एक कोडं आहे. टाकी ४० ला पोचल्यावर बॉल व्हॉल्व्ह बंद केला. परतीचा होज गार पडला, म्हणजे वेटोळं खरंच बंद आहे. तरी पुढच्या तासात टाकी ६२ वर गेली. ही उष्णता येतेय कुठून?

---

जुना_फिटर

रिटर्नमधून. म्हणूनच पहिल्या दिवशी विचारलं होतं.

प्लेटमध्ये तापलेलं तेल पंपाला जातं. फीड पंप (टाकीतून तेल ओढणारा) इंजिनाला लागतं त्याच्या कित्येक पट तेल फिरवतो. जळतं थोडंसं, बाकीचं सगळं गरमागरम परत टाकीत. तुमची प्लेटच आता टाकी तापवतेय.

---

उष्मांक

काकांचं बरोबर आहे, आकडेही जुळतात. फीड पंप तासाला ६० लिटर फिरवतो असं धरलं तर ५२ लिटर परत जातात. ते ७५ वर आणि टाकी ४० वर असेल तर जवळजवळ एक किलोवॅट टाकीत ओतला जातो. ५० लिटर तेलाला तासाला ३०-३५ अंश चढवायला एवढं पुरे. जसजशी टाकी तापते आणि भिंतींतून उष्णता निसटते तसतसा वेग कमी होतो, म्हणून तुम्हाला २२ अंश दिसले.

तेलावर चालताना रिटर्न टाकीत न सोडता पंपाच्या आधी, प्लेटच्या अलीकडे टी मारून पुन्हा फिरवा. मग टाकीतून फक्त जळण्याएवढं तेल येईल आणि प्लेटवरचा भारही तेवढाच राहील.

---

नळजोडी

फिरत्या रिटर्नला एक धोका आहे. टाकीत जाणारी रिटर्न लाइन हवेचे बुडबुडे सोबत घेऊन जाते. ती फिरती केली की हवा त्याच वळशात अडकते आणि गाडी धक्के देते. जोडाच्या सगळ्यात उंच ठिकाणी अगदी बारीक छिद्राचा ब्लीड टाकीकडे ठेवा. त्यातून हवा आणि थेंबभर तेल जात राहील. आणि ओढीच्या बाजूची प्रत्येक क्लिप नव्याने कसा. तेलाची गळती दिसत नसली तरी हवा आत येत असते.

दुसरं म्हणजे, फिरत्या वळशात जुनं तेल घोळत राहतं, म्हणून बंद करण्याआधीची डिझेलची धुलाई पूर्वीपेक्षा लांबते. पारदर्शक पाइपचा एक तुकडा बसवून रंग बघा आणि वेळ ठरवा. किंवा धुलाईपुरती रिटर्न टाकीकडे वळवा. फक्त डिझेल तेलाच्या टाकीत किती जातं त्याकडे लक्ष ठेवा.

---

हिवाळी_पहाट

मला व्हॉल्व्हच्या प्रकाराबद्दल विचारायचंय. वीज गेली तर उघडा राहणारा घ्यावा की बंद होणारा? आमच्या गटात यावर एकमत होत नाही.

---

उष्मांक

माझ्या मते दोन्ही वाटांचं उत्तर वेगळं आहे.

प्लेटच्या वाटेवर व्हॉल्व्ह लावूच नका. कूलंट ८५-९० च्या आसपास थर्मोस्टॅटने बांधलेलं आहे, तेल त्याच्यापेक्षा गरम होणार नाही. तिथे आवरण्यासारखं काही नाही, आणि व्हॉल्व्ह अडकला तर गार तेल पंपात जाईल. गार तेलाने होणारं नुकसान पटकन होतं. इनलाइन पंप निभावून नेतो, रोटरी पंपाचा शाफ्ट मात्र जाड तेलाच्या ताणाने मोडूही शकतो.

टाकीच्या वाटेवर वीज गेली की बंद होणारा. टाकी गार राहिली तर फार तर तुम्ही डिझेलवर घरी याल.

टाकीचा सेन्सर पिकअपजवळ (तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी), वेटोळ्याला न चिकटता. ३५ ला उघड, ४५ ला बंद. या दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर रिले (विजेवर चालणारा स्विच) दिवसभर टकटक करत बसेल. खोबरेल किंवा पामसारखं लवकर गोठणारं तेल असेल तर पिकअपभोवतीची जागा आधी वितळायला हवी, सगळी टाकी नव्हे. खोबरेल २४-२५ अंशांखाली घट्ट होतं.

आणि खरा नियंत्रक इथे नाहीच. तो आहे डिझेलवरून तेलावर नेणाऱ्या इंधन-व्हॉल्व्हवर. प्लेटच्या पुढे, पंपाच्या तोंडाशी तेल ७० च्या वर गेल्याशिवाय तो व्हॉल्व्ह फिरूच नये असा रिले लावा. ६० च्या खाली आलं की आपोआप डिझेलवर परत. कूलंट कितीही कमीजास्त होवो, पंपात गार तेल जाणार नाही.

---

जुना_फिटर

त्या इंधन-व्हॉल्व्हची जागाही महत्त्वाची. प्लेटच्या नंतर बसवा. म्हणजे डिझेल प्लेटमधून जात नाही. ८० अंशांचं डिझेल इतकं पातळ होतं की पंपाला त्याचं वंगण पुरत नाही, आणि गरम इंजिन पुन्हा सुरू करताना त्रास देतं.

लांब आयडलिंग तेलावर करू नका. कूलंट ८२ दाखवत असलं तरी भार नसलेल्या इंजिनाची प्री-चेंबर गार पडते. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर डिझेलवर घ्या. मी इंजिन ऑइलही ठरल्याच्या निम्म्या अंतराला बदलतो, आणि काडी काढून दोन बोटांत चोळून बघतो. ऑइलने बोटांत चिकट तार धरली, की अंतर अजून कमी.

---

नवशिका

माझ्याकडे डायरेक्ट इंजेक्शनची कॉमन रेल गाडी आहे. हीच व्यवस्था चालेल का?

---

जुना_फिटर

नको बाळा. कॉमन रेलच्या पंपाची आणि नोजलची मापं फार बारीक, तेल गरम केलं तरी सोसत नाहीत. प्री-चेंबर नसल्याने कोकिंगही (नोजलवर कार्बन साचणं) लवकर होतं. ती गाडी डिझेलवरच राहू दे.

---

फिरस्ता

शेवटच्या नोंदी देतो. रिटर्न फिरती केली, उंच ठिकाणी ब्लीड ठेवला, इंधन-व्हॉल्व्ह प्लेटच्या पुढे आणला आणि ७०/६० चा रिले लावला. टाकीच्या वाटेवर बॉल व्हॉल्व्हच्या जागी मोटरचा हीटर-व्हॉल्व्ह, ३५/४५ वर.

आज पाच तास चालवली. पंपाच्या तोंडाशी तेल ७४ ते ८१, टाकी ३८ ते ४९. चढावर कूलंट ८९ झालं तेव्हाही टाकी ४९ च्या पुढे गेली नाही. उतारावर रिलेने एकदाही डिझेलवर परत आणलं नाही. धुलाईला आता ५० सेकंद लागतात, आधी २० लागायचे.

एक शंका राहिली. प्लेटमधून कूलंट तेलात झिरपलं तर कळणार कसं?

---

नळजोडी

एक्स्पान्शन टाकीची पातळी दर आठवड्याला गार इंजिनावर खूण करून बघा. बाहेर कुठेही ओल नसताना पातळी उतरत असेल तर प्लेटवर संशय घ्या. एक्स्पान्शन टाकीत तेलाचा तवंग दिसला तरीही तेच. फिल्टरच्या तळातलं थोडं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. खाली थर बसला किंवा तेल ताकासारखं गढूळ झालं तर गाडी लगेच डिझेलवर घ्या आणि प्लेट काढा. तेलाच्या बाजूने हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवली की बुडबुडे दिसतात.

आणि दीड लिटर कूलंट वाढवलंत ना, त्यातलं अँटीफ्रीझचं प्रमाण हायड्रोमीटरने मोजून घ्या. नुसतं पाणी घातलं असेल तर आधीचं मिश्रण पातळ झालंय.

---

फिरस्ता

नुसतं पाणीच घातलं होतं. उद्या सकाळी इंजिन गार असतानाच मोजतो.